अंगठी कोणी टाकली?

गोष्ट ऐकून झाली की आपल्या मनात दोन प्रश्न येतात. पुढे काय झाले, हा पहिला. आणि तो माणूस असा का वागला, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर गोष्ट सांगणारा देऊन टाकतो. दुसऱ्याचे उत्तर मात्र ऐकणाऱ्यांना आपापसांत शोधावे लागते. कीर्तन आटोपून घराकडे परतताना कर्णाची बाजू घेणारे आणि त्याला दोष देणारे, दोन्ही प्रकारचे लोक आपल्या परिचयाचे आहेत. इरावती कर्वे यांनी १९६७ साली 'युगान्त' या पुस्तकात महाभारतातील एकेका व्यक्तीच्या वागण्याचा असाच शोध घेतला, आणि मराठी वाचकांनी त्यावर पुष्कळ वाद घातला.

असाच एक वाद इंग्रजी भाषेतल्या एका अद्भुत कथेवर सत्तर वर्षे चालू आहे. तो साधा वाटतो. पण त्यात शिरले म्हणजे माणसाचा न्याय कसा करावा, या प्रश्नाशी आपण येऊन पोचतो. म्हणून त्याची ओळख करून घेऊ.

जे. आर. आर. टॉल्किन (१८९२ ते १९७३) हे ऑक्सफर्ड विद्यापीठात जुन्या इंग्रजी भाषेचे प्राध्यापक होते. 'द हॉबिट' ही मुलांसाठी लिहिलेली त्यांची गोष्ट १९३७ साली निघाली. तिच्यातूनच वाढलेली मोठी कथा, 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज', १९५४ आणि १९५५ साली तीन भागांत प्रसिद्ध झाली. हॉबिट म्हणजे आपल्या कमरेएवढ्या उंचीची, शेतीभाती करणारी, खाऊनपिऊन सुखी असणारी माणसे. त्यांच्यातल्या फ्रोडो नावाच्या एका साध्या गृहस्थाकडे त्याच्या बिल्बो नावाच्या वडीलधाऱ्या नातलगाकडून एक अंगठी येते. ही अंगठी सॉरॉन नावाच्या दुष्ट सत्ताधीशाने केलेली. जो ती बाळगील त्याचे मन ती हळूहळू पोखरते. ती मोडायची तर जेथे घडली त्याच ज्वालामुखीच्या आगीत टाकावी लागते, आणि तो डोंगर शत्रूच्या मुलखात ऐन मध्यावर. फ्रोडो हे काम पत्करतो. त्याचा इमानी सोबती सॅम शेवटपर्यंत बरोबर असतो. वाट दाखवायला गॉलम नावाचा एक प्राणी मिळतो. ही अंगठी पूर्वी कित्येक वर्षे याच गॉलमजवळ होती, आणि तिच्या हव्यासाने त्याचा सांगाडा उरला आहे.

आता शेवट पाहा. उपाशी, तहानलेला, रांगत रांगत फ्रोडो त्या आगीच्या तोंडाशी पोचतो आणि तेथे उभा राहून सांगतो की, मी हे काम करणार नाही, अंगठी माझी आहे. तो ती बोटात घालतो. तेवढ्यात गॉलम झडप घालून त्याचे बोटच दातांनी तोडतो, अंगठी मिळाल्याच्या आनंदात कड्याच्या काठावर नाचतो, तोल जाऊन खाली पडतो आणि अंगठीसकट जळून जातो. जग वाचते. पुढे फ्रोडोचा हजारो लोकांसमोर सन्मान होतो.

झाले! येथेच वाचकांचे तट पडले. ज्याने ऐन वेळी नकार दिला, त्याचा सन्मान कसला? पुस्तक निघून वर्षही झाले नव्हते, तोच एका संतापलेल्या वाचकाने टॉल्किन यांना कळविले की, असल्या फितुराला मान द्यायचा नसतो, त्याला देहान्ताची शिक्षा द्यायची असते. पुढे १९६५ साली अमेरिकेत या कथेच्या स्वस्त आवृत्त्या निघाल्या, ती विद्यार्थ्यांच्या हाती गेली आणि वाद वाढला. इंग्लंडमध्ये १९६९ साली टॉल्किन सोसायटी स्थापन झाली. २००१ ते २००३ या काळात पीटर जॅक्सन यांनी तीन चित्रपट काढले. त्यांत शेवट थोडा बदलला आहे: फ्रोडो अंगठीसाठी गॉलमशी झटतो आणि त्या झटापटीत दोघेही कड्यावरून जातात. त्यामुळे जुन्या वादात नवी भर पडली.

या वादात मुख्य पक्ष चार आहेत. प्रत्येकाचा पुरावा आणि त्यावरची हरकत अशी जोडीने पाहू.

पहिला पक्ष म्हणतो, फ्रोडो हरला. त्याचे शब्दच पुरावा आहेत. 'मला जमत नाही' असे तो म्हणत नाही. 'मी करीत नाही' अशा अर्थाचे बोलतो. गंमत अशी की, टॉल्किन यांचे कच्चे मसुदे त्यांचे चिरंजीव ख्रिस्तोफर यांनी पुढे छापले. त्यांतल्या १९९२ सालच्या खंडात या जागी आधी 'मला शक्य नाही' अशा अर्थाचे शब्द होते असे दिसते. लेखकाने ते मुद्दाम बदलून निवडीची भाषा घातली. म्हणजे हा पक्ष अगदीच लेचापेचा नव्हे.

दुसरा पक्ष म्हणतो, तोंड फ्रोडोचे, पण बोलली ती अंगठी. यांचा पुरावा कथेच्या सुरुवातीला आहे. गँडाल्फ हा वृद्ध जादूगार फ्रोडोच्या घरी बसून त्याला अंगठी नष्ट करायला सुचवितो. फ्रोडो ती टाकायचे ठरवतो, हातही हलवतो, आणि पाहतो तो अंगठी परत खिशात गेलेली! घरच्या शेकोटीपाशी, पहिल्या दिवशी, जे त्याच्या हातून झाले नाही ते अंगठीचा जोर सर्वांत जास्त असलेल्या जागी, अर्धमेल्या अवस्थेत कसे होणार? यावर हरकत अशी की, सगळा दोष अंगठीला दिला तर इतर पात्रांच्या चुकाही माफ कराव्या लागतील. अंगठी हिसकावू पाहणारा बोरोमिर मग निर्दोषच ठरला. पण तो तर पश्चात्तापाने अपराध कबूल करतो.

तिसरा पक्ष शपथेचा. गॉलमने अंगठीच्याच नावाने शपथ घेतली होती की मी धन्याशी इमान राखीन. डोंगर चढताना फ्रोडोनेही त्याला बजावले होते की, पुन्हा मला हात लावलास तर तूच आगीत पडशील. काही मिनिटांतच तसे घडते. तेव्हा हा मोडलेल्या शपथेचा परिणाम, असे हे लोक म्हणतात. पुरावा मोठा चपखल आहे. मात्र गॉलम पडतो त्या ठिकाणी शपथेचा उल्लेख नाही. वर पाहत नाचताना त्याचे पाऊल चुकले, एवढेच लेखक सांगतो.

चौथा पक्ष दयेचा, आणि याचा धागा सर्वांत लांब जातो. गॉलम शेवटी तेथे असतोच का? कारण त्याला तीन वेळा कोणीतरी जिवंत सोडले. प्रथम बिल्बोने. हातात तलवार असून, अंगठीमुळे स्वतः अदृश्य असून, त्याला त्या जीवाची कीव आली. नंतर फ्रोडोने. सुरुवातीला तोच गँडाल्फला म्हणाला होता की, बिल्बोने त्याला मारले असते तर बरे झाले असते. पण गॉलम प्रत्यक्ष समोर आल्यावर त्याचे मन बदलले. आणि शेवटी सॅमने. त्याला गॉलमचा मनापासून तिटकारा. तरी डोंगराच्या उतारावर उगारलेली तलवार त्याने खाली घेतली. का? तर मधल्या काळात त्याने स्वतः थोडा वेळ ती अंगठी वाहिली होती, आणि तिचे ओझे काय असते याची पुसट कल्पना त्याला आली होती. या तीन दया एकापुढे एक ठेवल्या म्हणजे अंगठी आगीत कशी पडली याचे उत्तर मिळते. फ्रोडोची शक्ती जेथे संपली, तेथे त्याने आधी केलेली दया कामाला आली.

पण येथेही हरकत आहे, आणि ती हृदयाला भिडणारी आहे. डोंगरातल्या जिन्यावर फ्रोडो आणि सॅम झोपलेले असतात. गॉलम परत येतो, त्यांच्याकडे पाहतो, आणि क्षणभर एखाद्या थकल्याभागल्या म्हाताऱ्यासारखा फ्रोडोच्या गुडघ्याला हळूच हात लावतो. तेवढ्यात सॅम जागा होतो आणि त्याच्यावर खेकसतो. तो क्षण जातो, आणि गॉलम पुन्हा दुष्टाव्याकडे वळतो. आता प्रश्न असा: सॅम चार शब्द बरे बोलला असता तर गॉलम सुधारला असता काय? आणि सुधारला असता तर शेवटी अंगठी आगीत गेली असती कशी? टॉल्किन यांनी पत्रांत हा प्रसंग आपल्या दृष्टीने कथेतला बहुधा सर्वांत शोकांत क्षण असल्याचे लिहिले आहे. या प्रश्नावर वाचकांचे आजही एकमत नाही, आणि ते व्हावे असेही नाही.

तर मग लेखकाचे स्वतःचे मत काय? टॉल्किन वाचकांच्या पत्रांना लांबलचक उत्तरे देत. त्यांतली निवडक पत्रे १९८१ साली पुस्तकरूपाने आली. त्यांत त्यांनी पहिल्या पक्षाला अर्धे मान्य केले आहे: होय, ठरलेले काम तडीस नेण्यात फ्रोडो अपयशी ठरला. पण हे नैतिक अपयश नव्हे, असे त्यांचे म्हणणे. अंगात होते नव्हते ते सगळे बळ खर्च करून तो जेथे पोचला, तेथून पुढे जाणे कोणत्याही देहधाऱ्याला शक्य नव्हते. कार्य वाचले ते दयेमुळे आणि क्षमेमुळे. देहान्ताची मागणी करणाऱ्या त्या पत्राबद्दल त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट लिहिली. छळ करून माणसाचे मनच मोडून टाकण्याची साधने आपल्या युगात तयार झाली आहेत. तेव्हा अशा मोडलेल्या भल्या माणसांचे काय करायचे, हा प्रश्न आजचाच आहे.

हे लिहिणारा माणूस १९१६ साली सोमच्या लढाईत होता, हे ध्यानात घ्यावे. त्या महायुद्धात पळून जाणे, भित्रेपणा अशा आरोपांवरून ब्रिटिश सैन्याने आपल्याच शेकडो सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांपैकी कित्येकांची मने तोफांच्या माऱ्याने मोडली होती. अशा ३०६ जणांना २००६ साली, म्हणजे नव्वद वर्षांनी, कायद्याने मरणोत्तर माफी मिळाली. 'फ्रोडोला शिक्षा हवी की सन्मान' हा प्रश्न अशा वेळी केवळ गोष्टीतला राहत नाही.

आता कोणी विचारील, लेखकाने सांगून टाकले, मग वाद संपला की! तसे होत नाही. पत्र ही साक्ष आहे. पुस्तक हा मूळ दस्त आहे. साक्ष मोलाची खरी, पण ती दस्ताशी ताडून घ्यावी लागते. आणि येथे तर दस्तच एकदा बदलला आहे. १९३७ सालच्या पहिल्या आवृत्तीत गॉलम एवढा दुष्ट नव्हताच. कोड्यांच्या पैजेत तो हरतो, बक्षीस म्हणून कबूल केलेली अंगठी सापडत नाही म्हणून दिलगिरी दाखवतो आणि बिल्बोला बाहेरची वाट दाखवून निरोप देतो. मोठी कथा लिहिताना हे जुळेना, तेव्हा टॉल्किन यांनी ते प्रकरण नव्याने लिहिले, आणि ते १९५१ च्या आवृत्तीत छापले गेले. बिल्बोची ती प्रसिद्ध दया या नव्या लेखनातली आहे. मग जुन्या पाठाचे काय? ते बिल्बोने आधी सांगितलेले खोटे होते, अंगठीवर आपला हक्क दाखवण्यासाठी रचलेले, अशी तोड लेखकाने काढली! लेखकाची दुरुस्ती हाच पात्राच्या मनाचा पुरावा झाला.

अर्थात या कथेवरचे सगळेच वाद एवढे खोल नाहीत. बॅलरॉग नावाच्या अग्निराक्षसाला पंख होते की पंखांसारखी सावली होती, यावर लोक वर्षानुवर्षे भांडत आले आहेत. गरुडांच्या पाठीवर बसून अंगठी का नेली नाही, हाही नेहमीचा सवाल. करमणूक म्हणून ते ठीक. हेतूविषयीच्या वादाची गोष्ट वेगळी; तेथे आपण दुसऱ्याचे मन वाचायला शिकतो.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना याचा वर्गात सहज उपयोग करता येईल. त्यासाठी हेच पुस्तक हवे असे नाही. पाठ्यपुस्तकातली कोणतीही गोष्ट चालेल. फळ्यावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात, पात्राने काय केले. दुसऱ्यात, ते स्वतः काय बोलले. तिसऱ्यात, इतरांनी त्याच्याबद्दल काय म्हटले. हे भरल्याशिवाय 'का केले' याचे उत्तर घ्यायचे नाही. मग मुलांनी तर्क मांडावा आणि त्याला गोष्टीतली जागा दाखवावी. शेवटी प्रत्येकाला एकच विचारावे: बाळ, गोष्टीत काय सापडले तर तू तुझे मत सोडशील? ज्याच्याकडे याचे उत्तर आहे तो वाद घालतो आहे. ज्याच्याकडे नाही तो नुसता हट्ट धरून बसला आहे. मोठ्यांच्या सभेतही हा प्रश्न विचारून पाहण्यासारखा आहे, नाही का?

फ्रोडोचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. तो गावी परततो, पण त्याला सुख लागत नाही. जखमांच्या तिथी आल्या की तो आजारी पडतो. गावचे लोक त्याला फारसे विचारीत नाहीत. मान मिळतो तो इतरांना. अखेर तो समुद्रापार निघून जातो. म्हणजे वाचकांनी त्याच्यावर खटला भरला, त्याच्या कितीतरी आधी त्याने तो स्वतःवर भरला होता. अंगठी कोणी टाकली, याचे आपले उत्तर काहीही असो. ते देण्यापूर्वी हा माणूस किती ओझे घेऊन किती दूर चालला, हे मोजून पाहावे. शेजाऱ्याचा न्याय करतानाही हेच माप वापरावे, एवढे तरी या वादातून घेण्यासारखे आहे.