उतारवयातील घोडा मलूल का दिसतो?

अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची दोन गावे आहेत. एक बाजाराचे, दुसरे रेल्वेचे. मुंबई-नागपूर लोहमार्गावरील चांदूर रेल्वेसारख्या विदर्भातील गावांत स्थानकाबाहेर उभा असलेला टांगा हे एके काळचे नेहमीचे दृश्य होते. मोटारी आणि रिक्षा आल्यावर टांगे मागे पडले. तरीही घोडा गावातून सर्वस्वी गेलेला नाही. लग्नसराईत नवरदेवाला मिरविणारी घोडी आजही काही कुटुंबांच्या उदरनिर्वाहाचे साधन आहे. अशी घोडी बहुधा वयाने मोठी असते, कारण वाजंत्री, फटाके आणि गर्दी यांना न बुजणारे शांत जनावर अनेक वर्षांच्या सवयीनेच तयार होते. असे अनुभवी जनावर एखाद्या सकाळी दाण्याकडे पाठ फिरवून मान खाली घालून उभे राहिले, तर मालकाची पहिली प्रतिक्रिया "आता वय झाले" अशी होते. नेमक्या याच समजुतीमुळे बरा होणारा आजार पुष्कळदा हाताबाहेर जातो.

वय हा आजार नव्हे

घोडा साधारणपणे २५ ते ३० वर्षे जगू शकतो. पंधराव्या वर्षानंतर त्याच्या शरीराची झीज जाणवू लागते, हे खरे. परंतु म्हातारपणामुळे घोडा एका रात्रीत मलूल होत नाही किंवा महिन्याभरात त्याच्या बरगड्या दिसू लागत नाहीत. तसे घडले तर त्यामागे काही कारण असते आणि ते शोधता येते. जुन्या काळी घोड्यांच्या वैद्याला सालोत्री म्हणत. अश्ववैद्यकाचा आद्य आचार्य मानला गेलेल्या शालिहोत्राच्या नावावरून हा शब्द आला. चांगला सालोत्री औषध देण्यापूर्वी जनावराकडे बराच वेळ नुसता पाहत असे. आजच्या पशुवैद्यकाचीही पहिली पायरी निरीक्षणाचीच आहे आणि त्यातील मोठा भाग मालकाला स्वतः करता येण्याजोगा आहे.

प्रथम चार नोंदी

घोडा विश्रांती घेत असताना, सावलीत, चार गोष्टी तपासाव्यात. पहिली, शरीराचे तापमान. तापमापकाला तेल लावून तो गुदद्वारात हळूच सरकवावा व हातातून निसटू नये म्हणून त्यास दोरा बांधावा. निरोगी घोड्याचे तापमान सुमारे ९९.५ ते १०१.५ अंश फॅरनहाइट असते. दुसरी, नाडी. खालच्या जबड्याच्या कडेखालून जाणाऱ्या रक्तवाहिनीवर बोटे ठेवली असता ती लागते. मिनिटाला २८ ते ४४ ठोके हे सामान्य प्रमाण होय. तिसरी, श्वास. मिनिटाला ८ ते १६ वेळा कूस हलावी. चौथी, हिरड्या. त्या गुलाबी व ओलसर असाव्यात. बोटाने दाबल्यावर पांढरा झालेला भाग दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हावा. कातडीची चिमट घेऊन पाण्याची कमतरता ओळखण्याची रीत म्हाताऱ्या घोड्यात फसवी ठरते, कारण वयोमानाने त्याच्या कातडीचा ताण मुळातच कमी झालेला असतो. म्हणून हिरड्यांवर अधिक विसंबावे.

या नोंदी घेताना वऱ्हाडातील उन्हाळ्याचे भान ठेवले पाहिजे. वैशाखाच्या दुपारी वरातीतून परतलेल्या घोडीचे तापमान काही काळ वाढलेलेच असते. तो ताप नव्हे. सावलीत बांधून, अंगावर पाणी ओतून, तासाभराने पुन्हा मोजावे. त्यानंतरही पारा उतरला नाही, श्वास जोराने चालू राहिला, किंवा इतक्या उष्म्यातही अंगाला घाम नसून कातडी कोरडी राहिली, तर दुखणे गंभीर समजावे.

तोंड उघडून पाहावे

ताप नाही, नाडी ठीक आहे, तरीही घोडा खंगत चालला आहे, अशा वेळी लक्ष प्रथम दातांकडे जावे. घोड्याची दाढ आयुष्यभर वर सरकत राहते. वर्षाला सुमारे दोन ते तीन मिलिमीटर ती पुढे येते आणि चघळण्याने तेवढीच झिजते. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्यामुळे ही झीज सारखी होत नाही. वरच्या दाढांच्या बाहेरील बाजूस व खालच्या दाढांच्या आतील बाजूस धारदार कडा तयार होतात आणि त्या गाल व जीभ कापतात. उतारवयात काही दाढा हलतात, काही पडतात.

अशा घोड्याला भूक असते, पण चावता येत नाही. तो मान तिरकी करून खातो, अर्धवट चघळलेल्या चाऱ्याचे बोळे खाली टाकतो, थंड पाणी पिताना बिचकतो. त्याच्या लिदीत अख्खे दाणे आणि लांब काड्या आढळतात. लीद हातावर घेऊन मोडून पाहिली तरी पुष्कळ उलगडा होतो. उपाय अवघड नाही. पशुवैद्यकाने योग्य कानशीने धारदार कडा घासून द्याव्यात व वर्षातून एकदा तरी तोंड तपासावे. दाढाच उरल्या नसतील, तर कडब्यावर घोडा जगू शकत नाही. त्याला बारीक कापलेला हिरवा चारा, भिजविलेला भरडा आणि गव्हाचा कोंडा असे मऊ खाद्य दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे लागते.

चारा, पाणी आणि कृमी

प्रौढ घोड्याला दररोज त्याच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के कोरडे खाद्य लागते. काटा उपलब्ध नसल्यास वजन फितीने काढता येते. छातीचा घेर पुढच्या पायांच्या लगेच मागे सेंटिमीटरमध्ये मोजावा. त्याचा वर्ग करून खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे. उदाहरणार्थ, घेर १६५ व लांबी १५० सेंटिमीटर असल्यास वजन सुमारे ३४४ किलोग्रॅम भरते. अशा घोड्याला दिवसाला सात किलोग्रॅमच्या आसपास कोरडे खाद्य हवे. दर पंधरवड्याला हे माप लिहून ठेवले, तर नजरेला न दिसणारी घटही कागदावर दिसते.

सोयाबीन, तूर व हरभरा यांचे कुटार या भागात मुबलक असते. मात्र कोरड्या, जाडसर चाऱ्यावर घोडा ठेवून पाणी कमी पडले, तर आतड्यात चारा साचून राहतो. घोड्याला दिवसाला साधारण २५ ते ५० लिटर पाणी लागते. उन्हाळ्यात याहूनही अधिक. बुरशी आलेले कुटार कोणत्याही परिस्थितीत देऊ नये. कोंबड्यांसाठी किंवा गुरांसाठी तयार केलेले खाद्यही घोड्याला घालू नये. अशा काही खाद्यांत मोनेन्सिनसारखी द्रव्ये असतात. गुरांना ती सोसतात, पण घोड्याच्या हृदयाला ती प्राणघातक ठरतात.

खाणे नीट, दात नीट, तरी वजन घटते, अशा स्थितीत पोटातील कृमींचा विचार करावा. अंदाजाने औषध देत राहण्यापेक्षा ताज्या लिदीचा नमुना दवाखान्यात तपासून घेणे स्वस्तही पडते आणि उपयुक्तही ठरते.

चाल काय सांगते?

मलूलपणाचे मूळ पुष्कळदा वेदनेत असते. घोडा पुढचे पाय पुढे ताणून, शरीराचा भार मागे टाकून उभा असेल, वळताना कुचंबत असेल आणि खूर हाताला गरम लागत असेल, तर खुरांच्या आतील दाह संभवतो. अधिक दाणा खाण्यात आल्याने हा विकार उद्भवू शकतो. वरातीच्या दिवसांत ठिकठिकाणी कौतुकाने भरविलेला गूळ, गहू आणि हरभरा घोडीला असा बाधतो. नाल सहा ते आठ आठवड्यांनी बदलावी व त्याच वेळी नालबंदाकडून खुराची बारकाईने पाहणी करून घ्यावी. खिळा रुतल्याची जखम क्षुल्लक वाटली तरी धनुर्वाताची भीती असते. म्हणून घोड्याला धनुर्वाताची लस टोचून घेणे आवश्यक आहे.

पंधरा वर्षांपुढील घोड्यात आणखी एक विकार आढळतो. उन्हाळा आला तरी अंगावरचे लांब केस झडत नाहीत, पाठीचे स्नायू उतरतात, पोट सुटते, तहान व लघवी वाढते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीतील बिघाडाचा हा परिणाम असतो. तो समूळ बरा होत नाही. परंतु औषधाने ताब्यात राहतो.

ताप असल्यास

ताप येतो, उतरतो आणि काही दिवसांनी पुन्हा येतो. हिरड्या फिकट पडतात. पाय व पोटाखालचा भाग सुजतो. घोडा खात असूनही खंगतो, अशी लक्षणे असल्यास 'सर्रा' या रोगाची शंका घ्यावी. रक्तातील हे सूक्ष्म परोपजीवी ग्रिफिथ एव्हान्स या पशुवैद्यकाने १८८० मध्ये पंजाबात घोडे व उंट यांच्या रक्तात शोधून काढले. चावणाऱ्या मोठ्या माश्यांमार्फत त्यांचा प्रसार होतो. ताप चढलेला असताना घेतलेल्या रक्तनमुन्यात ते सापडण्याचा संभव अधिक असतो, म्हणून वेळ दवडू नये. माणसाला हा रोग सहसा होत नाही. तथापि २००४ मध्ये विदर्भातीलच चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात हे परोपजीवी आढळले आणि त्या घटनेकडे जागतिक आरोग्य संघटनेचेही लक्ष वेधले गेले.

याहून भयंकर रोग म्हणजे शेंबा, अर्थात ग्लँडर्स. नाकातून चिकट पिवळसर स्राव, नाकाच्या आत व्रण, पायांवर किंवा अंगावर ओळीने उठणाऱ्या व फुटणाऱ्या गाठी, खोकला आणि क्षीणता ही त्याची लक्षणे होत. तो माणसालाही होतो व जीवघेणा ठरू शकतो. महाराष्ट्रात २००६ मध्ये या रोगाने पुन्हा डोके वर काढले होते. नाकातून स्राव येण्याची इतर कारणेही असतात. एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव आल्यास किडलेली वरची दाढ कारणीभूत असू शकते. दोन्ही नाकपुड्यांतून चघळलेला चारा आल्यास घशाखाली घास अडकलेला असू शकतो. परंतु हा निवाडा घरी करू नये. संशय येताच घोडा वेगळा बांधावा, त्याची बादली व तोबरा इतरांना वापरू नये आणि तातडीने पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. रक्तजलाचा नमुना हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे तपासला जातो. रोग लपविणे हा कायद्याचा भंग तर आहेच, पण प्रथम धोका घोड्याची सेवा करणाऱ्या कुटुंबालाच असतो. रोग निश्चित झाल्यास घोड्यास दयामरण द्यावे लागते व मालकास नुकसानभरपाईची तरतूद आहे. सारंगखेडा किंवा माळेगाव येथील यात्रेतून नवा घोडा आणल्यास त्याला काही आठवडे जुन्या घोड्यापासून दूर ठेवणे म्हणूनच हिताचे.

काय करू नये

घोडा पाय आपटत असेल, कुशीकडे वळून पाहत असेल, लोळत असेल किंवा लीद टाकणे बंद झाले असेल, तर ती पोटशुळाची लक्षणे आहेत. अशा वेळी एक तासही वाट पाहू नये. घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून त्याचे पोटाचे दुखणे झपाट्याने विकोपाला जाते. नळीने किंवा बाटलीने तेल अथवा काढा पाजण्याची रीत घातक आहे. पातळ पदार्थ फुप्फुसात जाऊन घोडा दगावू शकतो. माणसांसाठीच्या वेदनाशामक गोळ्याही देऊ नयेत. त्यामुळे दुखणे झाकले जाते आणि निदान चुकते.

दवाखान्यात जाताना किंवा १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाशी संपर्क साधताना घोड्याचे वय, गेल्या तीन दिवसांतील तापमान, खाणे-पिणे, लीद व लघवी, शेवटचे कृमिनाशक, चाऱ्यातील बदल आणि नव्या घोड्याशी आलेला संबंध एवढी माहिती लिहून जवळ ठेवावी. निम्मे निदान या नोंदींतूनच होते.

तपासणीअंती घोडा कामास असमर्थ असल्याचे आढळल्यास त्याला जुंपू नये. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यानुसार वयामुळे वा आजारामुळे असमर्थ झालेल्या जनावराकडून काम घेणे हा गुन्हा आहे. लग्नाची सुपारी घेतलेली असते, पैशाची निकड असते, ही अडचण खरी आहे. परंतु वरातीच्या मध्यभागी कोसळणारी घोडी स्वतःचा, नवरदेवाचा आणि भोवतालच्या मुलाबाळांचाही जीव धोक्यात घालते. उलट वेळीच ओळखलेल्या दातांच्या, कृमींच्या किंवा खुरांच्या दुखण्यातून सावरलेला घोडा पुढे अनेक वर्षे घराला हातभार लावू शकतो. वर्षानुवर्षे ज्याने संसाराचा भार वाहिला, त्याच्या मलूल डोळ्यांकडे "वय झाले" म्हणून दुर्लक्ष न करता प्रथम तापमापक आणि वही हाती घेणे, हे प्रत्येक अश्वपालकाचे कर्तव्य होय.