हळद, सावलीतली

छातीवर हिरवा गोल स्टिकर, त्यावर ७ चा आकडा. मुरगाव बंदरात जहाजाच्या शिडीवरून उतरलो तेव्हा आम्हा पाच मित्रांची तेवढीच ओळख उरली होती. दोघे वसमतचे, एक कळमनुरीचा, आम्ही दोघे हिंगोलीतले. सोयाबीन विकून झालं होतं, हळद रानात उभी होती. डिसेंबरातली ती मोकळीक साधून जनशताब्दीने मुंबईला गेलो आणि बॅलार्ड पिअरला जहाजात चढलो. कयाधूचं पाणी पाहिलेल्या माणसांना रात्रभर नुसता समुद्रच दिसला.

जहाज धक्क्याला लागलं की बसने फिरवून आणायचं, याला जहाजावर ‘शोअर एक्सकर्शन’ म्हणतात. यादीत चर्च होतं, किनारा होता आणि ‘जंगल व मसाले’ होते. दोघा वसमतकरांपैकी एकाने तिसऱ्यावर बोट ठेवलं. “सुट्टी काढून पुन्हा शेतच बघायचं का रे?” कळमनुरीकर वैतागला. पण तोही आला.

वेर्णा, लोटली, मग जुवारीवरचा बोरीचा पूल ओलांडून बस फोंड्याकडे वळली. मुंबईपासून सोबत असलेली खारी चिकट हवा मागे पडली आणि काचेवर थंड ओल दिसायला लागली. उतरल्यावर बागेचा वाटाड्या पुढे आला. पंचविशीतला पोरगा, पायात रबरी चपला. त्याने आधी डोकी मोजली, मग घड्याळ दाखवलं. “साडेबाराला बस हलणार. जहाज कुणासाठी थांबत नाही.” दिवसभर तो हेच वाक्य किती वेळा म्हणत असेल, कोण जाणे. पण आवाजात कंटाळा नव्हता.

मसाल्यांपेक्षा मी त्याचं कामच बघत राहिलो. लाकडी साकवावर तो एक शब्द बोलला नाही. तिथे लोक पायाकडे बघतात, ऐकत नाहीत. पलीकडे गारवा लागला तिथे थांबला, काठी टेकत येणाऱ्या शेवटच्या आजी पोहोचेपर्यंत गप्प राहिला. मग एक पान तोडून हातात दिलं. नाव सांगितलं नाही. “चुरगाळा, वास घ्या.” दालचिनी. पुढे तमालपत्र, पुढे लवंगेची कळी. आमच्याशी मराठी, मागच्या जोडप्याशी हिंदी, दोन परदेशी बायकांशी इंग्रजी. एकच विनोद तिन्ही भाषांत, पण हशा पिकवायची जागा प्रत्येक भाषेत निराळी. नंतर हळूच म्हणाला, “नाव आधी सांगितलं की लोक फोटो काढून पुढे जातात. वास दिला की थांबतात.”

गोव्यात अशा बागेला कुळागर म्हणतात. रान नव्हे, पण रानाची घडी पाहूनच लावलेलं. डोक्यावर माड आणि पोफळी, मधल्या उंचीवर केळी, पोफळीच्या अंगावर चढलेला मिरवेल, आणि तळाला अननस, आलं, हळद. वरून झऱ्याचं पाणी पाटाने उतरत एकेका पायरीला भिजवत जातं. इथे पाऊस वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास. आमच्याकडे ९०० झाला तर वर्ष चांगलं म्हणायचं. मिरी तर मूळची याच सह्याद्रीच्या ओल्या रानातली. व्हॅनिलाचं मूळ मात्र मेक्सिकोत. तिचं फूल हाताने फळवायची सोपी रीत १८४१ मध्ये रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली. वाटाड्याने दाताच्या काडीने ती रीत हवेतच करून दाखवली.

एवढ्यात वर सळसळ झाली. पायात दोरीचं कडं अडकवून एक माणूस पोफळीवर चढला होता. शेंड्याशी पोहोचल्यावर त्याने अंगाने झोका दिला, खोड धनुष्यासारखं वाकलं, आणि त्याने शेजारच्या झाडाला हात घालून पहिलं सोडून दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तोच वसमतकर मात्र हिशेब करत होता. “दरवेळी खाली उतरून पुन्हा चढायचं म्हटलं तर दिवसात किती झाडं होतील? खेळ नाही हा, मजुरी वाचवलीय.”

मग हळद आली. वाटाड्याने वाटेच्या कडेचं एक झाड धरून उपटलं, खालचा पिवळा गड्डा वर धरला. मोबाईल वर झाले. वसमतकर वाकला, खड्ड्यातली माती चिमटीत घेऊन चुरली. “दादा, हे रोज उपटता ना? माती फारच मोकळी आहे. अन् गड्ड्याला पांढरी मुळीच राहिली नाही.”

पोरगा हसला. “सीझनला दिवसातून चार वेळा, काका. लोकांना मूळ बघायचं असतं.”

“मग ते जगायचं कसं?” वसमतकर शेजारच्या ताज्या झाडाशी उकिडवा बसला. दोन बोटांनी बुडाची माती हलकेच बाजूला सारली. कंदाची पिवळसर पाठ उघडी पडली, अंगठ्याएवढं हळकुंड स्पष्ट दिसलं. “आम्ही असंच बघतो, कितपत भरली ते. बघून झालं की माती परत लोटायची.”

आता घोळका त्याच्याभोवती जमला. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, हे त्याने ओझरतं सांगितलं. रंगला तो कामात. पाला कापायचा, कंद खणायचे, गड्डे आणि हळकुंडं वेगळी करायची. पूर्वी काहिलीत शिजायची, आता वाफेच्या कुकरवरच्या ड्रमात. काडी आरपार गेली की शिजली. मग पंधरवडाभर ऊन, मग ड्रममध्ये फिरवून पॉलिश. “ओली पाच क्विंटल असली तर वाळून जेमतेम एक हाती लागते.” परदेशी बाईसाठी वाटाड्या ते इंग्रजीत सांगत होता. प्रथमच तो दुसऱ्याचं बोलणं पोचवत होता, आणि ते त्याला आवडलेलं दिसत होतं.

परतताना वसमतकर मागे रेंगाळला. वर पोफळी, केळीची पानं, त्यांतून गाळून आलेलं ऊन, खाली हळद. “आमचा आजा हळदीत एरंड टोकायचा,” तो म्हणाला. “आम्ही म्हणायचो, म्हाताऱ्याला एरंडीचे चार पैसे पाहिजेत. ही सावली देऊ पाहत होता तो.” ठिबक आल्यावर त्यांनी एरंड लावणं सोडलं होतं.

साडेबाराला डोकी मोजून झाली. बस वळताना मी खिडकीतून पाहिलं. ८ नंबरचे हिरवे स्टिकर लावलेला घोळका हळदीपाशी थांबला होता. वाटाड्याने झाडाला हात घातला नाही. तो उकिडवा बसला होता आणि दोन बोटांनी माती बाजूला सारत होता.