वाशिष्ठीकाठचे वाचनालय

चिपळूणला पुराचे नवल नाही. पाऊस धरला की बाजारपेठेतला माल वरच्या फळीवर चढतो. २६ जुलै २००५ चा पूर लोकांच्या चांगलाच लक्षात होता. तरीही २२ जुलै २०२१ ला सगळे अंदाज बुडाले. घाटमाथ्यावरून उतरलेले पाणी आणि खाडीतली भरती समोरासमोर आली आणि वाशिष्ठी नदी शहरात शिरली. त्यात लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची हजारो पुस्तके गेली. दुसऱ्या दिवशी टिळकांची जयंती होती.

हे वाचनालय १८६४ चे. तेव्हा टिळक जेमतेम सात-आठ वर्षांचे होते. त्यांचे नाव संस्थेला पुढे मिळाले. जानेवारी २०१३ मध्ये ८६ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चिपळूणला भरले, त्याचे यजमानपद याच संस्थेने पेलले. तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाने एवढा पसारा उचलणे ही साधी गोष्ट नव्हे.

भिजलेले पुस्तक फुगते. कपाटात ठासून लावलेली पुस्तके फुगली की एकमेकांत अशी रुततात, की ओढून काढताना पुठ्ठा हातात येतो आणि पाने मागे राहतात. सरस सुटतो, बांधणी उसवते. दिवाळी अंकांची गुळगुळीत पाने वाळताना एकमेकांना चिकटतात, मग ती उलगडत नाहीत. पिना गंजतात त्या वेगळ्याच. दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. आणि जुलैतल्या कोकणात वाळवायला ऊन आणायचे कुठून? पानांमध्ये टिपकागद घालायचा, पंखे लावायचे, कागद ओला झाला की बदलायचा, एवढेच हाती उरते. १९६६ च्या पुरानंतर फ्लॉरेन्समध्ये ग्रंथ तंबाखू सुकवण्याच्या भट्ट्यांत नेऊन वाळवले गेले. तशी सोय प्रत्येक गावाला कुठली मिळायला!

पुरानंतर महाराष्ट्रभरातून चिपळूणला पुस्तके आली. वाचणाऱ्यांनी वाचनालयासाठी धावून जावे, याचे मोल मोठेच आहे. पण अशा वेळी पुस्तकांआधी कपाटे लागतात, कोरडी खोली लागते, गाळ उपसायला माणसे लागतात. त्याशिवाय आलेली खोकी पुन्हा ओलीतच पडून राहतात. कादंबरीची दुसरी प्रत बाजारात मिळते. जुन्या मासिकांचे बांधीव खंड, गावातल्या संस्थांचे अहवाल आणि स्थानिक लेखकांच्या पुस्तिका मिळत नाहीत. त्या कुणाच्या माळ्यावर असतील, हे शोधून देणारा माणूस वाचनालयाला खोकीभर नव्या पुस्तकांपेक्षा अधिक देऊन जातो.

आणखी एक वस्तू जपायला हवी, ती म्हणजे दाखल नोंदवही. शाईने लिहिलेल्या नोंदी पाण्यात विरल्या, तर नेमके काय गेले हेच कळत नाही. नोंदवही वाचली असेल, तर ग्रंथपाल एकेका गेलेल्या पुस्तकाचे निर्लेखन करतो, म्हणजे ते हिशेबातून कमी करतो. त्याच पुस्तकाची भेट आलेली प्रत शेवटच्या पानावर नव्या क्रमांकाने चढते. जुना क्रमांक तिला मिळत नाही. त्याच्यापुढे शेऱ्याच्या रकान्यात पुराची तारीख राहते.