शेगडीची दुरुस्ती : आपला हात कोठवर?

कारखान्यातील यंत्र अडले तर फिटरला बोलवावे, हे कामगाराला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु घरची गॅसशेगडी रुसली म्हणजे आमच्यापैकी निम्मे लोक तिला भिऊन दूर उभे राहतात आणि उरलेले निम्मे हाती लागेल ते हत्यार घेऊन तिच्यावर तुटून पडतात. दोन्हीकडे अज्ञान सारखेच. भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांतून स्टीलची भांडी घडविणाऱ्या कामगारांत आमचे आयुष्य गेले. शाळा थोडी झाली. जे शिकलो ते पुस्तके चाळून आणि हत्यार चालविणाऱ्यांना विचारून. आज सांगावयाची गोष्टही तशीच, एका टर्नरकडून शिकलेली आहे.

आमचे बालपण रॉकेलच्या स्टोव्हवर शिजलेल्या भातावर गेले. स्टोव्ह अडला की पिन मारावयाची, हा त्या काळचा घरोघरचा कायदा. पुढे आमच्या घरी गॅस आला. एकदा दूध उतू गेले आणि एका बर्नरची ज्योत मंदावली. आम्ही जुन्या सवयीने शिवणाची सुई घेतली आणि जेटच्या भोकात घालून चांगली फिरविली. ज्योत मोठी झाली खरी, पण पिवळी. चार दिवसांत पातेल्यांचे बूड काळे झाले. पावसाळ्याचे दिवस, खिडक्या बंद; स्वयंपाक करता करता घरच्या मंडळींचे डोके दुखू लागले. युनियनच्या कामासाठी आलेल्या एका टर्नरने बर्नर उचलून पाहिला आणि तो म्हणाला, "भाऊ, पितळेत सुई घातलीत ना? भोक साफ नाही केलंत, मोठं केलंत!"

ते भोक एवढे महत्त्वाचे का, हे समजले म्हणजे निम्मी दुरुस्ती समजली. जेटच्या सूक्ष्म भोकातून गॅस वेगाने सुटतो आणि त्या वेगानेच बाजूच्या वाटेने हवा आत ओढून घेतो. बर्नरच्या नळीत दोघे मिसळतात आणि वरच्या भोकांशी पेटतात. जर्मनीत १८५५ च्या सुमारास बुन्सेन यांच्या प्रयोगशाळेत जी ज्योत सिद्ध झाली, तिचे तत्त्व हेच. सिलिंडरमधील गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण. त्याचा एक भाग पुरता जळावयास सुमारे पंचवीस ते तीस भाग हवा लागते. त्यातील काही नळीत मिसळते, बाकीची खोलीतून मिळते. भोक मोठे झाले की गॅस वाढतो, हवा पुरत नाही. अर्धवट जळालेल्या गॅसातून काजळी निघते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. आमच्या घरची डोकेदुखी त्याचीच असावी.

म्हणून शेगडीचा दोष ओळखावयाचा तो ज्योतीवरून. निळी, स्थिर ज्योत म्हणजे प्रकृती ठीक. पिवळी ज्योत म्हणजे हवेची वाट तुंबलेली किंवा जेट बिघडलेले. ज्योत बर्नर सोडून वर उडत असेल तर हवा अधिक. एका अंगाने पेटत असेल तर भोके बुजलेली, अथवा धुतल्यावर ओली राहिलेली. दोन्ही बर्नर एकदम मंदावले तर शेगडीला दोष देऊ नये; सिलिंडर संपत आला असेल, नळी मुडपली असेल, नाहीतर रेग्युलेटर पाहावा. एकच मंदावला तर दोष त्या बर्नरचा.

आता आपले काम. रेग्युलेटर बंद करावा, शेगडी थंड होऊ द्यावी. बर्नर व त्याची टोपी उचलून साबणाच्या गरम पाण्यात भिजवावी. भोके खराट्याच्या काडीने मोकळी करावीत. नळीत कोळ्याचे जाळे किंवा झुरळ अडकलेले आढळते, तेही काढावे. सर्व कोरडे करून बर्नरचे तोंड जेटवर नीट बसवावे. बहुतेक तक्रारी एवढ्यानेच मिटतात, आणि यासाठी कोणाला पैसे मोजण्याचे कारण नाही.

जेट मात्र टोचू नये. बिघडले तर मेकॅनिककडून बदलून घ्यावे. बटण घट्ट झाले म्हणून त्यात खाद्यतेल सोडू नये. रेग्युलेटर उघडू नये. रबरी नळीवरील तारीख पाहून ती पाच वर्षांनी बदलावी, चीर दिसली तर त्याआधीच. सिलिंडर सोडून पाइपचा गॅस घेतला असेल तर जुनी शेगडी तशीच जोडू नये. पाइपातील नैसर्गिक वायूच्या एका भागाला सुमारे दहाच भाग हवा लागते, त्याचा दाबही कमी असतो. त्याला मोठ्या भोकाचे वेगळे जेट लागते.

गळतीचा संशय आला तर जोडांवर साबणाचा फेस लावावा. बुडबुडे उठले तर गळती आहे. काडी पेटवून गळती शोधणे म्हणजे स्वतःच्या घराला आग लावणे होय. वास भरला असेल तर विजेचे कोणतेही बटण चालू वा बंद करू नये, पंख्याचेसुद्धा नाही. गॅस बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, माणसे बाहेर काढावीत आणि बाहेर जाऊन फोन करावा. सिलिंडरच्या गॅससाठी १९०६ हा क्रमांक आहे; पाइपवाल्यांनी कंपनीचा क्रमांक घरात लिहून ठेवावा. सिलिंडरचा गॅस हवेहून जड, तो जमिनीलगत साचतो. नैसर्गिक वायू हलका, तो छताकडे जातो. दोन्ही ठिकाणी खिडकी हाच पहिला मित्र.

तात्पर्य, हवेची वाट आपण साफ करावी; गॅसची वाट उघडण्याचे काम ज्याने ती विद्या शिकली त्याच्याकडे सोपवावे. यात कमीपणा नाही. आम्ही कामगारांना नेहमी सांगतो की, दुसऱ्याच्या कसबाचा मान राखा आणि स्वतःच्या अडाणीपणाचा कोणाला फायदा घेऊ देऊ नका. शेगडीपुढेही हाच नियम लागू आहे. आज घरी गेल्यावर एवढेच करा : बर्नर पेटवा, दोन मिनिटे ज्योतीचा रंग पाहा, आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडी आहे ना, तेही पाहा.