पद नसलेला प्रशिक्षक

महाराष्ट्रातल्या कुठल्याही अनुदानित महाविद्यालयाची मंजूर पदांची यादी काढून बघा. प्राचार्य सापडतील, ग्रंथपाल सापडतील, प्रयोगशाळा परिचर सापडेल. बास्केटबॉल प्रशिक्षक सापडणार नाही. ते काम करणारा माणूस असतो, पण त्याच्या दारावरची पाटी ‘शारीरिक शिक्षण संचालक’ अशी असते. सकाळी तो क्रॉसकंट्रीच्या मुलांची नावं पाठवतो, दुपारी कबड्डीच्या मॅटसाठी कोटेशनं मागवतो, मधल्या वेळात टीए-डीएच्या बिलांवर सह्या घेत फिरतो, आणि ऊन उतरल्यावर शिट्टी गळ्यात अडकवून कोर्टवर येतो. त्या दीड-दोन तासांपुरता तो प्रशिक्षक. हे पद असं कसं घडलं आणि त्यावर पोचण्याची वाट कुठून जाते, ते वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणीपासून बघत गेलं तर नीट कळतं.

हिंगणी सेलू तालुक्यातलं. नागपूर-वर्ध्याच्या पर्यटकाला ते माहीत असतं ते बोर धरणाच्या आणि 2014 साली जाहीर झालेल्या बोर व्याघ्र प्रकल्पाच्या वाटेवरचं नाव म्हणून. भोवती कापूस, सोयाबीन, तूर. अशा गावातल्या पोट्ट्यांना कबड्डी, व्हॉलीबॉल, क्रिकेट आपोआप येतं, कारण त्या खेळांना माती चालते. बास्केटबॉलला चालत नाही. मातीवर चेंडू सरळ उसळत नाही, ड्रिबल बसत नाही, आणि ड्रिबल बसला नाही तर पुढचं काहीच बसत नाही. 28 मीटर लांब, 15 मीटर रुंद अशी टणक, सपाट जमीन आणि 3.05 मीटर उंचीवर घट्ट बसवलेली रिंग, एवढं हवंच. म्हणून या खेळाशी गावाकडच्या मुलाची गाठ सहसा उशिरा पडते. शालेय स्पर्धांची 14, 17 आणि 19 वर्षांखालील अशी तीन गटांची शिडी असते. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी ती चढत जाते. शहरातला मुलगा पहिल्या पायरीवर असतो, तेव्हा खेड्यातल्या मुलाने चेंडूही हातात घेतलेला नसतो. तो पहिल्यांदा खरा कोर्ट बघतो तो बहुधा वर्ध्याच्या किंवा नागपूरच्या कॉलेजात आल्यावर.

तिथून पुढचा प्रवास वेगाने होऊ शकतो. उंची आणि दम असला की कॉलेजच्या संघात जागा मिळते. वर्धा जिल्ह्यातली कॉलेजं राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाची, त्यामुळे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून निवड झाली की विद्यापीठाचा संघ, मग पश्चिम विभाग, मग अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. राज्यातल्या विद्यापीठांचा ‘अश्वमेध’ हा वेगळा महोत्सव. 2020 पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धाही त्यात आल्या. पहिल्या भुवनेश्वरला झाल्या. विद्यापीठाचा कलरकोट अंगावर आला की घरच्यांना वाटतं, आता नोकरी लागणार. लागतेही कधी कधी, पण ती प्रशिक्षकाची नसते. चांगल्या खेळाडूला रेल्वे उचलते, पोलीस दल उचलतं. ज्यांनी पुढे उत्तम शिकवलं असतं ते ऐन विशीत तिकडे जातात आणि जमलंच तर संध्याकाळी जुन्या क्लबच्या कोर्टवर फुकट शिकवतात. नागपुरात शिवाजीनगर जिमखान्यासारख्या क्लबांनी या खेळाला जे वळण लावलं, त्यात अशा संध्याकाळच्या माणसांचा वाटा मोठा आहे.

ज्याला शिकवणं हाच पेशा करायचा आहे त्याची वाट वेगळी, आणि ती कोर्टवरून जातच नाही. पदवीनंतर दोन वर्षांचं बी.पी.एड., मग दोन वर्षांचं एम.पी.एड. विदर्भात त्यासाठी नागपूरचं ईश्वर देशमुख शारीरिक शिक्षण महाविद्यालय आहे, अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. मग नेट किंवा सेट, नाहीतर पीएच.डी. ज्याला खरोखर एका खेळात मुरायचं आहे तो पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत (एनआयएस) वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम करतो. 1961 साली सुरू झालेली ही संस्था म्हणजे आपल्याकडच्या प्रशिक्षकांचं काशी. ‘एनआयएस केलेला’ एवढं म्हटलं की मैदानावरचे लोक मान डोलावतात. गंमत अशी की कॉलेजच्या नोकरीसाठी ही पदविका लागत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत काय लागतं ते वाचण्यासारखं आहे. पदव्युत्तर पदवीला 55 टक्के, नेट-सेट किंवा पीएच.डी., कॉलेजकडून वा विद्यापीठाकडून, नाहीतर राज्य-राष्ट्रीय पातळीवर खेळल्याचा पुरावा, आणि शारीरिक क्षमतेची चाचणी. तिशीच्या आतल्या पुरुष उमेदवाराने 12 मिनिटांत 1800 मीटर धावायचं किंवा चालायचं, चाळिशीपर्यंत 1500, पंचेचाळिशीपर्यंत 1200, पन्नाशीला 800. स्त्रियांसाठी 8 मिनिटांत 1000 पासून खाली. चाचणी योग्यच आहे, सुटलेल्या पोटाचा क्रीडाशिक्षक कुणालाच नको. पण उमेदवाराचा दम मोजणाऱ्या या यादीत त्याने आजवर कोणाला काय शिकवलं, हा प्रश्न कुठेच नाही. चांगले संघ घडवल्याचा पुरावा मागितला जातो तो पुढे, विद्यापीठातल्या उपसंचालकपदासाठी. म्हणजे शिकवता येतं का, हे शिकवण्याची वर्षं बरीच सरल्यावर विचारायचं.

आणि ही नोकरीसुद्धा जाहिरात निघाली तर. मधली वर्षं तासिका तत्त्वावर जातात. कायम झालेल्याचं मूळ वेतन 57,700 रुपयांपासून सुरू होतं. तासिकेवरच्या माणसाला उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच मिळत नाही, आणि संघ बांधायचा खरा काळ तोच असतो.

ज्या देशात हा खेळ जन्मला तिथली वाट आपल्या वाटेच्या अगदी उलट गेली. जेम्स नाइस्मिथ हे मॅसेच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत व्यायामशिक्षक होते. 1891 च्या डिसेंबरात, हिवाळ्यात आत कोंडलेल्या मुलांसाठी त्यांनी सज्जाला पीच फळांच्या टोपल्या टांगून 13 नियमांचा खेळ रचला. सज्जा दहा फुटांवर होता म्हणून रिंग आजही दहा फुटांवर, म्हणजेच 3.05 मीटरवर आहे. 1898 साली ते कॅन्सस विद्यापीठात गेले आणि तिथले पहिले बास्केटबॉल प्रशिक्षक झाले. त्यांचा हिशेब 55 विजय आणि 60 पराभव असा. खेळाचा जनकच त्या विद्यापीठाचा हरण्याचं पारडं जड असलेला एकमेव प्रशिक्षक ठरला! हा खेळ शिकवायचा नसतो, नुसता खेळायचा असतो, असं त्यांचं मत असल्याचं सांगतात. त्यांचा विद्यार्थी फॉग अ‍ॅलन याने ते मानलं नाही. त्याने शिकवणं हेच शास्त्र केलं आणि 1952 साली कॅन्ससला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. अ‍ॅलनच्या हाताखाली अ‍ॅडॉल्फ रप खेळला. तो इलिनॉयमधल्या एका शाळेत शिकवून मग केंटकीला गेला. 1952 च्या त्या संघात डीन स्मिथ होता; पुढे त्याच्याकडे नॉर्थ कॅरोलिनात मायकेल जॉर्डन शिकला. यूसीएलएला 10 राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून देणारा जॉन वूडन आधी शाळेत इंग्रजी शिकवत होता आणि संध्याकाळी मुलांकडून पास घोटून घेत होता.

आता तिथल्या मोठ्या प्रशिक्षकांना काही कोटींचे पगार मिळतात आणि त्यांचे करार वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येतात. तो भाग मला फारसा अनुकरणीय वाटत नाही. पण खालची पायरी बघण्यासारखी आहे. तिथे खेळणं संपलेला मुलगा त्याच संघाच्या बेंचवर सहायक म्हणून बसतो. सामन्यांचं चित्रण बघून नोंदी काढतो, चेंडू मोजतो, नवख्यांना ले-अप शिकवतो, मुख्य प्रशिक्षक टाइमआउटमध्ये काय बोलतो ते कानांत साठवतो. चार-पाच वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काढल्यावर त्याला स्वतःचा संघ मिळतो. याला आपण गुरुपरंपरा म्हणतो, आणि ती आपल्याकडे होतीच. तालमीतल्या वस्तादाला कोणी प्रमाणपत्र विचारलं नव्हतं. तो आधी जुन्या वस्तादाचा पठ्ठा असायचा. 1914 साली वैद्य बंधूंनी अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं केलं ते आखाड्याच्या याच रीतीवर, आणि 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय व्यायामप्रकार करून दाखवले. मंडळ उभं राहिल्यावर सहा वर्षांनी, 1920 साली, हॅरी क्रो बक या वायएमसीएच्या माणसाने मद्रासला शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय काढलं होतं. बास्केटबॉल आपल्याकडे आला तो याच वायएमसीएच्या हातून, आणि व्यायामाची पदवी ही कल्पनाही तिथूनच रुजली. पुढे पदवी टिकली, पठ्ठा गळाला.

पठ्ठ्याची जागा रिकामी असल्याचा परिणाम कोर्टवर दिसतो. प्रशिक्षक एकटा असतो. बारा मुलांत दोन नवखी असतात, त्यांना पिव्हटवर पाय कसा रोवायचा ते सांगेपर्यंत बाकीची दहा अर्ध्या कोर्टवर उगाच तीन-पॉइंटर टाकत बसतात. झोन बचाव मोडायचा कसा, चोवीस सेकंदांपैकी पहिली आठ कुठे घालवायची, रिबाउंडसाठी माणूस पाठीवर कसा घ्यायचा, हे रोज थोडं थोडं घोटायचं काम आहे, आणि ते एका माणसाच्या आवाक्यातलं नाही. स्पर्धेला जाताना तोच संघाचा व्यवस्थापक, तोच प्रथमोपचारवाला, तोच रेल्वेची तिकिटं सांभाळणारा. नीट शिकवणारा मिळाला की काय होतं, तेही दिसलं आहे. 2012 मध्ये भारताच्या पुरुष संघाची सूत्रं स्कॉट फ्लेमिंग या अमेरिकी माणसाकडे आली. तोही आधी एका छोट्या विद्यापीठाचा प्रशिक्षक होता. 2014 साली वुहानला त्याच्या संघाने चीनला चीनमध्येच 65-58 असं हरवलं. खेळाडू आपलेच होते.

हिंगणीसारख्या गावांसाठी एक वाट नव्याने उघडली आहे ती थ्री-बाय-थ्रीची. टोकियोपासून हा प्रकार ऑलिंपिकमध्ये आहे. एकच रिंग, 15 बाय 11 मीटर जागा, दहा मिनिटांचा किंवा 21 गुणांचा डाव, हल्ल्याला बारा सेकंद. शाळेच्या आवारात एवढं सिमेंट ग्रामपंचायतीच्या आवाक्यात आहे. या प्रकारात सामना सुरू असताना प्रशिक्षकाला कोर्टच्या कडेवरून सूचना द्यायला बंदी आहे. जे शिकवायचं ते आधी शिकवून झालेलं असलं पाहिजे. म्हणजे तिथेही गावात रोज संध्याकाळी हजर राहणारं कोणी तरी लागणारच.

ते कोणी तरी बाहेरून येणार नाही. वर्ध्यात-नागपुरात विद्यापीठाच्या संघातून खेळून सुट्टीत घरी परतलेली मुलं-मुली सेलू तालुक्यातही असतील. कॉलेजांच्या व्यवस्थापनांना माझं सांगणं एवढंच: मंजूर पदांच्या यादीची वाट बघू नका. जिमखान्याच्या निधीतून आपल्याच एखाद्या माजी खेळाडूला दोन वर्षांचं मानधन द्या, त्याला संचालकांच्या शेजारी बेंचवर बसवा, आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी त्याला त्याच्या गावच्या शाळेत पाठवा.