राजा व्हायला निघालेला गुणा

पात्राचा प्रवास कसा लिहावा, हे शिकायचं तर 'नटरंग' (2010) बघाच! आनंद यादवांच्या कादंबरीवरचा रवी जाधव यांचा हा चित्रपट.

गुणा कागलकर हा रांगडा शेतमजूर, अंगात कुस्तीची रग आणि डोक्यात तमाशाचं वेड. त्याला वगात राजा व्हायचंय. पण फड उभा राहतो तेव्हा बायकी हावभाव करणारा नाच्या व्हायला कुणीच तयार नसतं, आणि तो स्वतः उभा राहतो. इथून कथाच वळण घेते. भारदस्त चाल मुरडते, आवाज बदलतो. घर, गाव, मान, सगळं हातातून निसटत जातं.

गुणा साकारणाऱ्या अतुल कुलकर्णींनी या भूमिकेसाठी आधी शरीर कमावलं, मग वजन घटवलं. मराठी पडद्यावरचं हे सर्वांत धाडसी स्थित्यंतर आहे.