एपीके फाइल आली तर उघडू नका

आज फवारणीचं नाही, फोनचं सांगतोय.

ऑगस्ट 2025 मध्ये गुगलने जाहीर केलं, की ॲप बनवणाऱ्याने स्वतःची ओळख पटवल्याशिवाय त्याचं ॲप अँड्रॉइड फोनवर बसणार नाही, प्ले स्टोअरबाहेरचं असलं तरी. सुरुवात सप्टेंबर 2026 ला ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये. बाकी देश 2027 पासून पुढे. म्हणजे आपल्याकडे यायला वेळ आहे, तोवर राखण आपली आपणच करायची.

व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान' नावाची फाइल फिरते. नावाच्या शेवटी इंग्रजी ए-पी-के अक्षरं असतात. ती लाभार्थ्यांची यादी नाही, ॲप आहे. बसवताना ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आपण घाईत 'अलाऊ' दाबतो. मग बँकेचा ओटीपी थेट चोराकडे. 2000 च्या हप्त्यापायी सोयाबीनच्या पट्टीचे जमा झालेले पैसे जातात. फाइल ओळखीच्या नंबरवरून आली तरी भुलू नका, त्याचाच फोन चोराच्या ताब्यात असू शकतो. बियाणं लेबल बघून घेता ना, तसं ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्या. (तिथेही बनवणाऱ्याचं नाव वाचा.)

चुकून बसवलंच तर आधी नेट बंद करा. लगेच दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि 1930 ला कॉल करा. लाजत बसू नका, तेवढ्या वेळात पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

आपली कंपनी मेसेज, फोटो, पीडीएफ पाठवते. एपीके कधीच नाही. शंका आली तर फाइल न उघडता स्क्रीनशॉट मला टाका.